गेणूआबांचे ऐकणे

आरंभीच क्षमा मागतो. मी लेखक नाही. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि या मासिकात लिहिणाऱ्यांची वाक्ये जशी ओसरीवरून सरळ माजघरात जातात तशी माझी जात नाहीत. ती अजून दाराबाहेर चपला काढून, आत बोलावतील की नाही याची वाट पाहत उभी राहतात. त्यातून ज्या माणसाचे चित्र रेखाटायला बसलो आहे, त्याच्याविषयी लिहिण्याचा अधिकार तर मला सर्वांत कमी आहे. का, ते पुढे येईलच. तरी लिहितो, कारण त्याच्याविषयी गप्प राहण्याचा अधिकार त्याहूनही कमी उरला आहे.

गेणूआबा आठवले की आधी मला त्यांचा कान आठवतो.

भाद्रपदातला तिसरा प्रहर. पावसाने दोन दिवसांची उसंत दिलेली, सुदुंबऱ्याच्या खाचरांत इंद्रायणी भात पोटरीला आलेला, आणि आमच्या वस्तीतल्या विहाराच्या पायऱ्यांवर असे धुतलेले, स्वच्छ ऊन उतरलेले की त्यावर पाय ठेवायलाही संकोच वाटावा. वरच्या पायरीवर आबा बसलेले असत. ऐकताना ते मान किंचित डावीकडे कलती करीत, डोळे मिटीत आणि उजवा कान बोलणाऱ्याकडे असा पुढे नेत, जणू ओंजळच पुढे केली आहे. मागून येणारे ऊन त्या कानाच्या पाळीतून आरपार जाई आणि पाळी आंब्याच्या नव्या पालवीसारखी तांबूस उजळे. उभा जन्म ओतकामाच्या कारखान्यात भट्टीपुढे उभा राहिलेला तो देह काळवंडला होता, सुरकुतला होता. त्यात तेवढीच एक जागा कोवळी राहिली होती. तिथून आत काय जाते आणि आत गेल्यावर त्याचे काय होते, हे कळायला मला फार उशीर लागला.

आबांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण वर्षावासात, म्हणजे आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या तीन महिन्यांत, आमच्या विहारात संध्याकाळी जे धम्मग्रंथाचे वाचन होते, त्याचे वाचक कित्येक वर्षे तेच होते. त्यांच्या वाचनाची एक रीत होती. एक परिच्छेद वाचायचा, तर्जनी त्या ओळीवरच ठेवून थांबायचे आणि मग तोच परिच्छेद पुस्तकावेगळा, वस्तीच्या बोलीत सांगायचा. मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसलेल्या बाईचीही मान हलली नाही तर पुन्हा सांगायचा, दुसऱ्या तऱ्हेने, शेतातले किंवा कारखान्यातले काही त्यात आणून. तर्जनी हलायची नाही. मान हलली की मगच ती पुढच्या ओळीवर जाई. लहानपणी मी त्या बोटाकडे पाहत बसे. पावसाळ्यातल्या गोगलगायीसारखे ते बोट पानावरून सरके आणि आपल्यामागे एक ओली, चकाकती वाट ठेवून जाई, असे मला वाटे.

पदवीपर्यंत माझे शिक्षण मराठीत झाले. समाजशास्त्रात एम.ए.ला पुण्याच्या महाविद्यालयात प्रवेश मिळाला, तेव्हा आईने वस्तीभर पेढे वाटले. पहिल्याच आठवड्यात हातात इंग्रजी निबंधांच्या झेरॉक्स प्रतींचा गठ्ठा पडला. एकेक निबंध वीस-पंचवीस पानांचा. पहिले पान वाचायला मला अख्खी दुपार लागली, आणि दुपार संपली तेव्हा पेन्सिलीच्या रेघांनी ते पान असे भरले होते की कुठल्या शब्दाखाली रेघ नाही हे शोधावे लागे. मग मी याद्या केल्या. डावीकडे इंग्रजी शब्द, उजवीकडे मराठी अर्थ. घराच्या भिंतीवर याद्या चिकटवल्या; आई केर काढताना त्या फाटू नयेत म्हणून अंग चोरून चाले. रोज पन्नास शब्द पाठ करायचे असा माझा नेम होता आणि सोमाटणे फाट्यावर बसची वाट पाहत मी ते ओठांतल्या ओठांत घोकत असे. महिना गेला. शब्द पाठ झाले आणि वाक्य मात्र उघडेना. लग्नाच्या मांडवात सगळे चेहरे कुठेतरी पाहिलेले असावेत, पण कोण कुणाचे हे ठाऊक नसावे, तशी माझी गत झाली. वर्गात इतर मुले सहज हसत, सहज हरकत घेत, आणि मी वहीत मान घालून काहीतरी लिहीत असल्याचे सोंग करी. लाज ही काही एकदाच येणारी गोष्ट नाही. ती दमट भिंतीतल्या ओलीसारखी खालून वर चढत जाते.

अशा एका दुपारी मी विहाराच्या पायरीवर तो गठ्ठा घेऊन बसलो होतो. आबा आतून झाडलोट करून आले, चष्म्याच्या काचा सदऱ्याच्या टोकाने पुसल्या आणि माझ्याशेजारी टेकले.

"काय वाचतूस?"

"कॉलेजचं आहे आबा. इंग्रजी."

"इंग्रजी हाय ते दिसतंय. म्हनतंय काय?"

मी घाईने वही काढून शब्दांची यादी त्यांच्यापुढे धरली. ते जरा वेळ पाहत राहिले आणि मग त्यांच्या मिशीत हसू फुटले.

"यादी कशापायी दावतूस? म्या काय किराना भराया चाललोय व्हय? ते मानूस काय म्हनतंय, ते सांग."

मला सांगता येईना. हजारावर शब्द पाठ असूनही एक परिच्छेद सांगता येईना. आबांनी मान डावीकडे कलती केली, डोळे मिटले आणि ते थांबले. ते थांबणे मी त्याआधी कुणाचे पाहिले नव्हते. त्यात घाई नव्हती, परीक्षा नव्हती. पाटाचे पाणी येईल तेव्हा येईल म्हणून बांधावर बसून राहणाऱ्याचे ते थांबणे होते.

त्या दिवसापासून आमचा क्रम लागला. महाविद्यालय सकाळचे, परतताना मी तिसऱ्या प्रहरी थेट विहारावर जाई. एक परिच्छेद मोठ्याने इंग्रजीत वाची आणि तोच आबांना मराठीत सांगे. त्यांना इंग्रजीचे एक अक्षर येत नव्हते, पण ते आधी इंग्रजी ऐकूनच घेत. "चाल कळती रं," म्हणत. "कुटं दमतंय, कुटं चढतंय, ते कळतं." आणि खरोखरच, ज्या वाक्यापाशी त्यांच्या कपाळावर आठी पडे, तेच वाक्य निबंधाचे कळीचे वाक्य निघे.

एकदा एजन्सी हा शब्द आला. शेतकऱ्यांची एजन्सी.

"गॅसची असती तसली?" आबांनी विचारले.

खालच्या पायरीवर गोधडीचे टाके घालत बसलेली सिंधूमावशी फिसकन हसली. "न्हाई ओ, खताची आसंल."

मी शब्दकोशातले तीन अर्थ वाचून दाखवले. एकही बसेना. मग पुढचे पान वाचले, मागचे वाचले, आणि अडखळत सांगितले की माणूस परिस्थितीच्या हातातले बाहुले नसतो, आपले आपण काही करण्याची ताकद त्याच्यात असते, असे लेखकाला म्हणायचे असावे. आबांनी डोळे उघडले.

"म्हंजी कर्तेपन," ते म्हणाले. "आमच्या आईला लय व्हतं."

मार्जिनल हा शब्द त्यांनीच मला 'बांधावरचा' असा लावून दिला. शेत सगळ्यांचे दिसते, पण काही माणसांना कायम बांधावरून चालावे लागते, त्यांचा पाय वाफ्यात पडू देत नाहीत. हे त्यांनी सांगितले तेव्हा माझ्या यादीतला 'सीमांत' हा कोरडा शब्द मला आपोआप खोडावासा वाटला. ॲम्बिव्हॅलंट म्हणजे दोन बैल दोन दिशांना ओढणारे मन. अशा कितीतरी शब्दांना त्यांनी आमच्या मातीत उभे केले. त्यांचे काही नियमही होते, आणि ते नियम आहेत हे त्यांना ठाऊक नव्हते. "पयल्यांदा अडला शबूद तर वलांडून फुडं जा. दुसऱ्यांदा आला तर राम-राम घाल. तिसऱ्यांदा आडवा आला, तर मंग त्याला बसवून इचार, बाबा तू कोन." आणि दुसरे म्हणजे, "शबूद एकला आनू नगं. त्याच्यासंगं कोन कोन व्हतं, ते बी सांग." म्हणून मी शब्द वाक्यासकट लिहू लागलो, त्याच्या मागेपुढे चालणाऱ्या शब्दांसकट, त्याच घरातल्या भावंडांसकट. भिंतीवरच्या याद्या एकेक करून उतरल्या. आईला पुन्हा मोकळेपणी केर काढता येऊ लागला.

आबाही लिहीत. कारखान्याने कधीकाळी दिलेली एक खिशात मावणारी वही त्यांच्याजवळ होती. त्यात ते देवनागरीत इंग्रजी शब्द आणि खाली मी सांगितलेला अर्थ लिहून घेत. जाड, गोल, एकमेकांपासून जपून दूर ठेवलेली अक्षरे. लिहिताना त्यांची जीभ दातांखाली येई. माझ्या तोंडचे काही कुणी लिहून घेते आहे, हा अनुभव मला नवा होता आणि खरे सांगायचे तर तो मला चढला. भाद्रपद सरता सरता पायरीवर आणखी दोघे-चौघे येऊन बसू लागले. "शाळा भरली का रं म्हाताऱ्याची?" अशी थट्टा करीत येत आणि बसत. ज्या मुलाला वर्गात तोंड उघडता येत नव्हते, त्याच्याभोवती इथे एक लहानसे वर्तुळ झाले होते, आणि वर्तुळाच्या मध्यभागी बसलेल्याला 'ठाऊक नाही' म्हणणे हळूहळू जड जाऊ लागते.

तो दिवस मला आठवतो तो असा: आभाळ भरलेले पण पाऊस नाही, ऊन राखेतल्या निखाऱ्यासारखे ढगांआड झाकलेले. निबंध दूरच्या कुठल्या देशातल्या धरणकाठच्या शेतकऱ्यांविषयी होता. आबा त्या दिवशी नेहमीपेक्षा पुढे सरकून बसले होते. त्यांच्या वडिलांनी आयुष्यभर धरणाच्या काठी गाळपेर केली होती. पाणी ओसरले की उघडी पडणारी गाळाची जमीन तेवढ्यापुरती पेरायची, आणि पुढच्या साली ती मिळेल की नाही ते दुसऱ्याच्या मर्जीवर. परिच्छेदात एक शब्द आला, युजुफ्रक्ट. त्या शेतकऱ्यांना तो हक्क होता, असे वाक्य होते. मी तो शब्द कधी पाहिला नव्हता. माझ्या लहान शब्दकोशात तो नव्हता, आणि मोबाइलची बॅटरी फाट्यावरच संपली होती.

"कसला हक व्हता त्यांना?" आबांनी विचारले.

सगळे माझ्याकडे पाहत होते. सिंधूमावशीची सुई थांबली होती. 'उद्या बघून सांगतो' एवढेच मला म्हणायचे होते. त्याऐवजी मी, वर्गात हुशार मुले ज्या सहजतेने बोलतात तीच सहजता आणून, म्हणालो, "मालकी हक्क आबा. पक्का. पिढ्यान्‌पिढ्यांचा. कुणी हिसकावून घेऊ शकत नाही असा."

आबांनी डोळे उघडले नाहीत. ओठांतल्या ओठांत तो शब्द दोनदा घोळवला. चिंचेचे बुटुक जिभेवर फिरवावे तसा. मग खिशातली वही काढली.

"आसा बी शबूद हाय व्हय इंग्रजीत," ते म्हणाले, आणि नेहमीपेक्षा हळू, नेहमीपेक्षा मोठ्या अक्षरांत त्यांनी तो लिहून घेतला.

आठ दिवसांनी वर्गात सरांनी तोच निबंध उलगडला. युजुफ्रक्ट म्हणजे दुसऱ्याच्या मालकीच्या जमिनीचा उपभोग घेण्याचा हक्क. पीक तुमचे, जमीन तुमची नाही.  आबांच्या वडिलांचे सारे आयुष्य त्या एका शब्दात नेमके मावत होते, आणि मी आबांना त्याच्या बरोबर उलटे सांगितले होते. त्या दुपारी बसमधून येताना मी ठरवले की आज सांगायचे. पण पायरीवर पोचलो तर आबा कुणाला तरी तोच शब्द सांगत होते. त्यांच्या चेहऱ्यावर, आपल्या बापाला उशिरा का होईना पण कुणीतरी न्याय दिला असावा, तसा उजेड होता. मी म्हटले, उद्या. उद्या म्हटले, पुढच्या आठवड्यात. सत्य सांगायला लागणारे धैर्य रोज थोडे थोडे कमी होत गेले आणि शब्द रोज थोडा थोडा आबांचा होत गेला.

मग आश्विन पौर्णिमा आली. वर्षावासाचा समारोप. विहाराला पताका लागल्या, मोठ्या पातेल्यात खीर शिजली, पुण्याहून एक प्राध्यापिका पाहुण्या म्हणून आल्या. वंदना झाली, आणि तीन महिन्यांच्या वाचनाविषयी दोन शब्द सांगायला आबा उभे राहिले. पांढरा सदरा, पांढरी टोपी, इस्त्रीच्या घड्या अजून न मोडलेल्या. ध्वनिवर्धकापुढे त्यांचा आवाज जरा कापरा आला, मग स्थिर झाला.

"बाबांनो, धम्म आपल्याला कसा मिळालाय, ते एका शबदात सांगतो," ते म्हणाले. "आपल्या सुमेधनं मला ह्यो शबूद दिला. इंग्रजीत म्हनत्यात, युजुफ्रक्ट. म्हंजी आशी मालकी, जी कुनाच्या बापाला हिसकता येत न्हाई. माझ्या बापाला जल्मभर मिळाली न्हाई. आपल्याला मिळाली."

टाळ्या पडल्या. मी ध्वनिवर्धकाच्या वायरीजवळ उभा होतो. पाहुण्या बाई हसल्या. त्यांचे हसणे दुष्ट नव्हते. ती केवळ माहिती असलेल्या माणसाची सवय होती. बोलायला उभ्या राहिल्यावर त्या म्हणाल्या, "आबांनी शब्द फार अवघड निवडला. त्याचा खरा अर्थ नेमका उलटा आहे. तिथे मालकी कधीच आपली नसते. पण असू द्या, आबांची भावना महत्त्वाची."

मागच्या बाजूला उभ्या असलेल्या तरुण मुलांत खसखस पिकली. ती लाट पुढच्या रांगेपर्यंत आली. बाईंनी माझ्याकडे बघत कौतुकानेच विचारले, "मग हा अर्थ तू सांगितलास का रे?"

मी वायर पाहू लागलो. वायरीत काही बिघाड नव्हता. मी खाली वाकलो, तिचे टोक काढले, पुन्हा बसवले. तेवढ्यात मागून आबांचा आवाज आला, शांत, एखाद्या परिच्छेदाचा अर्थ सांगावा तसा.

"न्हाई मॅडम. पोरानं बराबरच सांगितलं व्हतं. म्याच उलटं धरलं."

मी वर पाहिले. ते माझ्याकडे पाहत नव्हते. त्यांचा उजवा हात छातीवरच्या खिशावर होता, जिथे ती वही होती. माझे शब्द जसेच्या तसे लिहिलेली. तो हात तिथे नुसता राहिला. वही बाहेर आली नाही.

मी खीर न खाता घरी गेलो.

गाव विसरत नाही, पण गावाचे हे न विसरणे क्रौर्यही नसते. ती नुसती गंमत असते आणि म्हणून थांबत नाही. चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणे, "आबा, सातबाऱ्यावर चढलं का तुमचं युजुफ्रक्ट?" आबाही सगळ्यांबरोबर हसत. मला मात्र दिसे की हसताना त्यांची मान कलती होत नाही. दिवाळीनंतर मी पुण्यात वसतिगृहात राहायला गेलो. जाण्याचे कारण अभ्यास, असे मी सगळ्यांना सांगितले. पुढच्या आषाढात आईकडून कळले की वाचनाला यंदा दुसरा माणूस बसतो. आबांनी स्वतःच सांगितले म्हणे, "आता माझ्या सांगन्याचा काय भरवसा? दुसऱ्याला बशवा." ते मागच्या रांगेत भिंतीला टेकून बसत. श्रावणात ते ओल्या पायरीवरून घसरून पडले आणि रंजनाताई, त्यांची लेक, त्यांना वलवणला आपल्या घरी घेऊन गेली.

इकडे माझे इंग्रजी वाढत होते. हे लिहितानाही मान खाली जाते. आबांच्याच रीतीने वाढत होते. वसतिगृहाच्या गच्चीवर मी रिकाम्या हवेला परिच्छेद सांगे, तिसऱ्यांदा आडवा आलेला शब्द बसवून त्याला विचारी, वाक्यासकट उचली. वीस पानांचा निबंध मी दीड तासात वाचू लागलो. वर्गात हरकत घेऊ लागलो. सर एकदा म्हणाले, शब्दांची इतकी नेमकी जाण क्वचित दिसते. आणि मला त्या क्षणी ओल्या पायरीवर एकट्याने चढणारा एक म्हातारा दिसला. नवीन शब्द ठाऊक नसला की मी आता भर वर्गात 'ठाऊक नाही' म्हणत असे. लोकांना तो माझा प्रामाणिकपणा वाटे. तो उशिरा आलेला होता, हे त्यांना कुठून कळावे?

पुढच्या आश्विन पौर्णिमेला मला विहारात मुलांना अभ्यासाविषयी सांगायला बोलावले. तेव्हा मात्र मी उभा राहून सगळे सांगितले. अर्थ मी खोटा सांगितला होता, आठ दिवसांनी मला खरा कळला होता, आबांनी मला झाकले होते आणि मी वायर बघत उभा होतो, हे एका दमात सांगितले. कुणी रागावेल असे मला वाटले होते. खरे तर कुणी रागवावे, अशी आशा होती. पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. सिंधूमावशीने डोळे पुसले. एका म्हाताऱ्या माणसाने माझ्या पाठीवर हात फिरवून म्हटले, "लय मोटं मन हाय पोराचं." आबांच्या वाट्याला जे हसू आले होते, तेवढ्याच टाळ्या माझ्या वाट्याला आल्या, आणि मी त्या घेतल्या. घरी परतताना मला हलके वाटले. त्या हलकेपणाचीच आज मला सर्वांत जास्त लाज वाटते.

वलवणला जाऊन आबांना समक्ष भेटायचे ठरवले होते. दिवाळीनंतर. मग परीक्षा आली. मग परीक्षेनंतर.

माघातल्या एका सकाळी आईचा फोन आला. मी ग्रंथालयाच्या पायऱ्या चढत होतो. "आबा गेले रं," ती म्हणाली. "काल दुपारीच अग्नी दिला. तुला लावत व्हते फोन, लागला न्हाई." काल दुपारी मी चर्चासत्रात होतो आणि फोन बंद होता.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आबांना श्रद्धांजली वाहण्याच्या, दिवशी मी वलवणला गेलो. थंडीचे स्वच्छ ऊन होते. धरणाचे पाणी मागे सरले होते आणि उघड्या पडलेल्या गाळावर बगळे उतरले होते. कार्यक्रम झाल्यावर माणसे पांगली. रंजनाताईने मला चहा दिला आणि माझ्यासमोर जमिनीवर बसून ती आबांचे सदरे एकेक करून घडी घालू लागली. तिच्या बोलण्यात दोष नव्हता. मी आबांचा लाडका होतो, म्हणून आबांचे शेवटचे मला सांगावे, एवढाच तिचा भाव होता.

"बाबा रोज सकाळी पंचशील म्हनायचे, तुला ठावंच हाय," ती म्हणाली. "हितं आल्यावर मला कळलं, चारच म्हनत्यात. चौथं सोडत्यात. तिसरं झालं की गप ऱ्हायाचे. जरा येळ. मंग पाचवं."

मला चौथे शील कोणते, हे आठवावे लागले नाही. खोटे न बोलण्याचे ते शील आहे.

"म्या इचारलं, बाबा, इसरलात व्हय? तर म्हनले, इसरलो न्हाई. ते माझ्यानं मोडलंय. बुद्धाम्होरं हुबं राहून मोडलंय. मंग रोज कुटल्या तोंडानं म्हनू?" तिने सदऱ्याची बाही आत दुमडली. "तू पुनवेला विहारात सगळं सांगितलंस, ते मला सिंधूमावशीनं फोनवर सांगितलं. म्या लगीच जाऊन बाबांना बोलले. म्हनलं, आता तरी म्हना की वो, पोरानं समद्यांम्होरं कबूल केलं."

 तिने थांबून सदऱ्यावरून हात फिरवला आणि आपणच सांगितले.

"लय खूश झाले बघ. दोनदा सांगाया लावलं मला. आन् मंग म्हनले, 'त्यानं त्याचं सांगितलं, ब्येस केलं. पर माझं खोटं माझंच हाय की.' गेले त्या दिशी सकाळी बी चारच म्हनले."

माणूस गेला की त्याचा आवाज हळूहळू विरत जातो, असे म्हणतात, आणि काळ त्याच्या जागी आठवण ठेवतो. माझ्या वाट्याला आलेली आठवण आवाजाची नाही. तिसऱ्या आणि पाचव्या शीलाच्या मधली, रोज सकाळी आधी वस्तीत आणि मग वलवणच्या त्या खोलीत उतरणारी, सव्वा वर्षाची शांतता मला ऐकू येते. ती मी केलेली आहे, आणि ती ऐकून घ्यायला मला आबांसारखा कान नाही.